दहा मायक्रॉनमध्ये चौदा रेघा

५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी साडेसहा.

जप झाला. दूध तापतंय, तेवढ्यात लिहिते. आजपासून ही वही फक्त माझी. रोज चार ओळी, जास्त नाही. शाई काही नळाला येत नाही.

नव्या वहीत आधी खातेदार लिहून ठेवावेत, म्हणून: मी. हे. आणि वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण. वन्संनी लग्न केलं नाही, डायटम केले. डायटम म्हणजे पाण्यातलं शेवाळ, पण इतकं बारीक की नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, आणि प्रत्येकाला स्वतःचं काचेचं कवच. बावीस वर्षं वन्सं संस्थेत तेवढंच बघतायत. एक डोळा आधीच अधू, दुसऱ्याचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही आणि सूक्ष्मदर्शकाचं नाव काढायचं नाही, निदान तीन आठवडे. इकडे तीस तारखेपर्यंत त्यांना सापडलेल्या नव्या जातीचं वर्णन संस्थेच्या मोठ्या सरांच्या टेबलावर गेलं नाही, तर नोकरीला मुदतवाढ नाही.

मुदतवाढ नाही म्हणजे वन्सं दिवसभर घरी. घरी म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात.

जेवताना मी म्हटलं, मी बघते की. धान्य निवडताना माझ्या नजरेतून आजवर एक खडा सुटला नाही. हे इतके हसले की पाणी नाकात गेलं. हसोत. मॅट्रिकला सायन्समध्ये बासष्ट होते मला. यांना सायन्सच नव्हतं.

६ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी.

संस्थेच्या गाडीने सूक्ष्मदर्शक आला. समोरच्या खोलीतल्या टेबलावर बसवला. पहिला तासभर मला काळ्या, केसाळ, हलणाऱ्या जाती दिसल्या. तसं वन्संना सांगितलं. त्या काळा चष्मा लावून आरामखुर्चीत. म्हणाल्या, वहिनी, त्या तुमच्या पापण्या.

मग दिसलं. होडी. साक्षात काचेची होडी, दोन्ही टोकं निमुळती, मधोमध एक चीर, आणि चिरेच्या दोन्ही अंगांना बारीक रेघा, जशा कुणी कंगव्याने पाडलेल्या. वन्संनी सांगितलं, रेघ म्हणजे रेघ नव्हे, एकापुढे एक भोकं. आणि कवचाचे भाग दोन, एक दुसऱ्यावर डबीच्या झाकणासारखा चपखल बसतो. माझ्याकडे सत्तावीस डबे आहेत, पैकी नऊंची झाकणं बसतात. देवाचं काम ते देवाचं काम.

संकल्प: रोज एकच तास. स्वयंपाकाकडे दुर्लक्ष नाही. गर्व नाही.

७ सप्टेंबर, बुधवार.

भाजी करपली. डोळा लावला की वेळ कळत नाही, यात माझा काय दोष? हे म्हणाले, त्या शेवाळाला काचेचं घर आहे, मला घर असून जेवण नाही. शास्त्रज्ञांना घरून विरोध होतोच.

काम असं: तीस कवचं निवडायची. प्रत्येकाची लांबी, रुंदी, आणि दहा मायक्रॉनमध्ये रेघा किती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचे हजार तुकडे केले त्यातला एक. भिंगातच पट्टी आखलेली आहे. मी मोजून सांगायचं, वन्सं मोठ्या अक्षरांत लिहिणार.

मला सोपं आहे. चाळीस वर्षं जपमाळेवर मोजतेय, अजून एक मणी चुकला नाही. एखादा चुकला असेल तर तो देवाला माहीत.

९ सप्टेंबर, शुक्रवार.

बारा कवचं झाली. सगळ्यांच्या रेघा चौदा. वन्संनी दोनदा विचारलं, वहिनी, सगळ्यांच्या चौदा? मी म्हटलं, सगळ्यांच्या. त्या म्हणाल्या, निसर्ग एवढा शिस्तीचा नसतो हो. मी म्हटलं, मोजणारा शिस्तीचा असला की होतो.

चिरकी, तिरकी, टवका उडालेली मी घेत नाही. तांदूळ निवडताना कण्या घेतो का आपण?

संध्याकाळी.

नव्या काचा तयार करायच्या आहेत. रीत अशी: नखापेक्षा पातळ काच घ्यायची, स्पिरिटने पुसायची, वर वन्संनी ओढ्यातल्या दगडावरून खरवडून आणलेल्या शेवाळाच्या कुपीतला एक थेंब सोडून वाळवायचा, मग डिंकासारखं औषध लावून ती जाड पट्टीवर पालथी चिकटवायची. वन्संनी खुर्चीतून सांगितलं, मी कुणी पाककृती वाचून दाखवावी तसं ऐकून घेतलं.

अडचण स्पिरिटची. स्पिरिट म्हणजे शेवटी दारूच. ज्या घरात दोन वेळा प्रार्थना होते तिथे मी बाटली उघडणार नाही, पुसायला का होईना. शिवाय उडून जाते, पैसे हवेत. देवापुढचा चांदीचा दिवा मी ज्या पांढऱ्या पावडरीने उजळते, तिने काच उजळणार नाही होय? चिमूटभर घेतली, बोटाने हळू घासली, तीन पाण्यांनी धुतली. लखलखीत. घासताना अकरा काचा फुटल्या, पण त्या मुळातच पातळ होत्या.

वन्संना सांगितलं नाही. ऑपरेशनच्या माणसाला बारीकसारीक गोष्टींचा त्रास देऊ नये.

१२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी अकरा.

नवीन काच लावली. होड्या होत्याच. आणि होड्यांच्या मध्ये एक गोल!

वाटोळा, नाण्यासारखा. मध्यापासून कडेपर्यंत ठिपक्यांच्या रांगा गेलेल्या, उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या. कडेला बारीक दात. मी आधी हात जोडले, मग मोजलं. रांगा बावन्न. पुन्हा मोजलं. एकावन्न. बावन्न धरल्या.

बावीस वर्षांत वन्संना हा दिसला नाही. मला सातव्या दिवशी दिसला. मी काही म्हणत नाही. देव कुणाला काय दाखवतो ते त्याचं तो जाणे.

दुपारी.

वन्संना सांगितलं. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. म्हणाल्या, गोल? वाहत्या पाण्यातल्या दगडावर? हवेचा बुडबुडा असेल, वहिनी. मी म्हटलं, बुडबुड्याला दात असतात का? औषधाच्या बाटलीच्या झाकणाने वर्तुळ काढलं, रांगा काढल्या, कागद त्यांच्या डोळ्यांपासून वितीवर धरला. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, एका कुपीत दोन नव्या जाती निघाल्या तर मोठे सर मुदतवाढीला नाही म्हणूच शकणार नाहीत.

मग म्हणाल्या, जपून हं, अजून शोधा.

१३ सप्टेंबर, मंगळवार.

आणखी नऊ सापडले. त्याच काचेवर. जुन्या, संस्थेतून आलेल्या काचांवर एकही नाही. म्हणजे वन्संच्या हाताला येत नाहीत, माझ्या हाताला येतात. घरात धान्याला बरकत असते तशी.

भाजी पुन्हा करपली. यांनी डबा मागवला. बाहेरचं खाऊन पोट बिघडेल ते यांचं.

१५ सप्टेंबर, गुरुवार.

नव्या जातीला नाव द्यावं लागतं. लॅटिनमध्ये. स्वतः वर्णन करणाऱ्याने स्वतःचं नाव देणं शोभत नाही म्हणे, पण दुसऱ्याचं देता येतं. बाईचं असेल तर शेवटी एक शेपूट लावतात. वर्णन वन्सं लिहिणार. म्हणजे वन्संचं देता येणार नाही. घरात दुसरी बाई कोण, हा प्रश्न मी विचारला नाही. नुसती तिथे उभी राहिले.

मला नावाची हाव नाही. फक्त दिसतं कसं ते बघायला वहीच्या मागच्या पानावर शेपटीसकट लिहून पाहिलं. भारदस्त दिसतं. अकरा वेळा लिहिलं. मग लाज वाटून पान फाडलं. मग कागद वाया जातोय म्हणून त्याच्या पाठीवर वाण्याची यादी केली.

संध्याकाळी.

हे यादी घेऊन गेले होते. वाण्याने विचारलं, वहिनी कुठे परदेशी जातायत का, सहीचा सराव चाललाय.

१६ सप्टेंबर, शुक्रवार.

वन्संनी मोठ्या सरांना फोन केला. गोल जातीचं सांगितलं. मी शेजारी उभी. सरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, म्हणाले, काय सांगता! लगेच काच पाठवा. सर्वांत चांगली काच मी निवडली. तिच्यावर एकवीस गोल आहेत आणि होड्या जेमतेम चार. कापसात गुंडाळून, जुनं पाकीट उलटं करून त्यात घालून पाठवली.

होडीचं वर्णनही पुरं. तीस कवचं. लांबी बावीस ते एकतीस, रुंदी पाच ते सात, रेघा चौदा. वन्सं चौदावर पेन्सिल ठेवून बसल्या होत्या. मी म्हटलं, खोडू नका, कागद फाटतो.

संकल्प: निकाल येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार.

शेजारणीला सांगितलं. तिच्या बहिणीला शेजारणीने सांगितलं. दूधवाल्याला कुणी सांगितलं माहीत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की शास्त्राच्या कामामुळे उद्यापासून दूध जरा उशिरा टाकलंत तरी चालेल.

२३ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी दहा.

मोठ्या सरांचा फोन. वन्सं फक्त हो, हो, बरं, म्हणत होत्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, वहिनी, सर विचारतायत, घरात भांडी कशाने घासता?

मी म्हटलं, भांडी साबणाने.

हे खोटं नाही. भांडी साबणानेच घासते.

दुपारी.

वन्संनी सगळं सांगितलं. असले गोल डायटम लाखो वर्षांपूर्वी तळ्यांच्या बुडाशी साचले, त्यांची माती झाली, ती खणून काढतात, दळतात, आणि गाळण्या नि चकाकीच्या पावडरींत घालतात. सरांनी काच बघता क्षणी ओळखलं. म्हणाले, तुमच्या नव्या जातीने माझ्या घरचे चमचेसुद्धा चकाकतात. काचांवर ही घाण आली कुठून ते शोधा. तीसपर्यंत स्वच्छ काचा आणि नवी मोजणी आली नाही तर फाइल बंद. असल्या काचांवरचं होडीचं वर्णनही ते घेणार नाहीत.

वन्सं रडल्या नाहीत. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. नुसत्या मान वर करून बसल्या. म्हणाल्या, बावीस वर्षांत माझी एक काच परत आली नव्हती.

संध्याकाळी, प्रार्थनेनंतर.

देवाला सगळं सांगितलं. देव काही बोलला नाही. दिवा मात्र फार लखलखत होता.

मग वन्संपुढे जाऊन पावडरीचा डबा ठेवला. कबुली दिली असं म्हणता येणार नाही; माहिती दिली. स्पिरिट, दारू, देव, तीन पाणी, सगळं. फुटलेल्या अकरा काचाही सांगितल्या, सांगतेच आहे तर. वन्संनी चष्मा काढला, डबा हातात घेतला, म्हणाल्या, चिमूटभर लावा बघू भिंगाखाली.

लावली. कोट्यवधी. गोल, गोल, गोल, फुटके गोल, गोलांचे तुकडे. मी एकवीस शोधून नाचत होते, डब्यात अख्खं शहर भरलं होतं.

वन्सं म्हणाल्या, दिसले? मी म्हटलं, दिसले. म्हणाल्या, रांगा किती? तेव्हा कळलं की हसतायत. खुर्ची हलत होती.

२४ सप्टेंबर, शनिवार.

तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, अजून एक आठवडा. म्हणजे मोजायची मीच.

देवासमोरचा पडदा ओढून घेतला आणि स्पिरिटची बाटली उघडली. वास वाईट नाही. हे दारात उभे राहून म्हणाले, एवढ्या वर्षांत मला कधी विचारलं नाहीस. त्यांना संस्थेत पिटाळलं, नव्या काचा आणायला. बिचारे दोन बस बदलून गेले आणि डबा छातीशी धरून परत आले, एकही न फोडता. हे मात्र लिहून ठेवलं पाहिजे.

२६ सप्टेंबर, सोमवार.

नव्या काचा. गोल एकही नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.

वन्सं खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसल्या. म्हणाल्या, आता निवडायचं नाही. काचेच्या एका कोपऱ्यातून निघायचं, वाटेत जी होडी येईल ती मोजायची. आवडली नाही तरी. पहिलीच आली ती वाकडी, एका टोकाला आखूड. मी पुढे सरकवायला लागले तर हातावर चापट बसली.

मोजल्या. तेरा. मी म्हटलं, चौदा. वन्सं म्हणाल्या, वहिनी. मी म्हटलं, तेरा आणि कडेला जराशी. त्या म्हणाल्या, म्हणजे तेरा. दुसरी: बारा. तिसरी: अकरा आणि कडेची अर्धी. मला घाम फुटला.

मग वन्संनी सरळच विचारलं, मागच्या वेळी तीसच्या तीस चौदा कशा भरल्या? मी म्हटलं, पहिलीच्या भरल्या होत्या ना चौदा. पुढच्यांना कमी पडल्या तिथे मी पदरच्या घातल्या. इकडची अर्धी, तिकडची पाव. हिशोब जुळवायचा म्हणजे एवढं करावंच लागतं.

वन्सं म्हणाल्या, धन्य आहे वहिनी तुमची! वाण्याला दाणा जास्त सोडत नाही तुम्ही, आणि शेवाळाला रेघा दान करता?

२७ सप्टेंबर, मंगळवार.

आज कळलं की चौदाचं काय झालं असतं. हिच्यासारखीच एक जुनी होडी आहे, शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली. तिच्या रेघा चौदा ते सोळा. माझी मोजणी तशीच गेली असती तर सर म्हणाले असते, ही तर जुनीच. वन्संची जात त्या जुन्या खात्यात जमा, आणि वन्सं माझ्या खात्यात.

म्हणजे पावडरीने वाचवलं. पावडर नसती तर नवी मोजणी झाली नसती. असं मी वन्संना म्हटलं. त्या म्हणाल्या, पुढची होडी मोजा.

२८ सप्टेंबर, बुधवार.

तीस पूर्ण. वाकड्या, चिरक्या, सगळ्या. अकरा ते चौदा, बहुतेक बारा. मधल्या रेघा पसरट तिरक्या, टोकांकडे समांतर. मध्यावर लहान गोलसर मोकळी जागा. मोजताना एकदा बारा की तेरा यावर अडले, वन्संना विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, तुम्हाला दिसतंय, मला नाही. तुम्ही सांगाल ते. त्यानंतर मी ती होडी चार वेळा मोजली. बारा.

भाजी करपली नाही. केलीच नव्हती.

३० सप्टेंबर, शुक्रवार.

वर्णन गेलं. वन्सं स्वतः घेऊन गेल्या, काळा चष्मा लावून, यांचा हात धरून. मी घरी थांबले. मला पुढे पुढे करायची सवय नाही. शिवाय गाडीत दोघांचीच जागा होती.

होडी नवी ठरली तर तिलाही नाव लागेलच. मी आपलं नुसतं लिहून ठेवते.

१० ऑक्टोबर, सोमवार.

मोठ्या सरांना पसंत. जात नवी. मुदतवाढ एक वर्ष.

संध्याकाळी वन्सं स्वयंपाकघरात आल्या, ओट्याशी उगाच चमचे सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, नावाचं सरांनी सुचवलंय. त्यांच्या बायकोचं द्यावं म्हणतात. तसं स्पष्ट नाही म्हणाले, पण मुदतवाढीचा कागद एका हातात होता आणि बोलत होते बायकोबद्दल. मी अजून हो म्हटलेलं नाही, वहिनी. तुम्ही सांगाल तसं.

मी म्हटलं, द्या. छान आहे. मला मेलीला काय करायचंय नाव घेऊन? वन्संनी माझा हात धरला. मी म्हटलं, सोडा, हाताला पीठ आहे.

पीठ नव्हतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी.

वन्सं संस्थेत, सूक्ष्मदर्शकही संस्थेत. समोरच्या खोलीतलं टेबल पुसून घेतलं.

मोठ्या सरांच्या बाईंचा फोन आला. वन्सं आहेत का? नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, बरं, तुम्हाला तरी माहीत असेल. माझं नाव दिलेला तो किडा घरात होतो का? झाला तर औषध काय मारायचं?

मी म्हटलं, किडा नव्हे हो. शेवाळ. आणि शांतपणे सांगायला लागले. कवच काचेचं, दोन भाग, डबीला झाकण बसावं तसे. आकार होडीचा, टोकं निमुळती. लांबी बावीस ते एकतीस, रुंदी पाच ते सात. मधोमध चीर. चिरेच्या मध्यावर लहान मोकळी जागा. रेघा मध्याशी तिरक्या, टोकांकडे समांतर. दहा मायक्रॉनमध्ये अकरा ते चौदा, बहुतेक बारा. इथवर आले तेव्हा लक्षात आलं की पलीकडून हूं की चूं नाही. बाईंनी फोन केव्हाच ठेवला होता.

रेघ म्हणजे रेघ नव्हे, एकापुढे एक भोकं, हे राहिलं होतं. तेवढं सांगून मग मीही ठेवला.